म्हाताऱ्या कुत्रीचे चुकणारे ठोके आणि ॲड्रिनलवरची गाठ – माहिती आणि अनुभव हवे आहेत

मनमोकळी

नमस्कार मंडळी. भूभूंच्या मुख्य धाग्यावर विचारलं होतं, तिथे दोघातिघांनी वेगळा धागा काढ म्हणून सुचवलं. म्हणून हा प्रपंच. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आमची बिट्टी. गावठी, जराशी स्पिट्झची झाक, नसबंदी झालेली, अंदाजे बारा वर्षांची. गेल्या पावसाळ्यापासून तिला मधूनच काहीतरी होतं. रात्री झोपेतून उठते, पुढचे पाय फाकवून उभी राहते आणि जीभ बाहेर काढून धापा टाकते. घरभर येरझाऱ्या घालते. मग बाथरूमच्या गार फरशीवर जाऊन पोट टेकते. हिरड्या पांढुरक्या पडतात. छातीला हात लावला की ठोके मोजायला जमत नाही, इतके धाडधाड. थोड्या वेळाने सगळं शांत, आणि बाईसाहेब शेपूट हलवत पाणी पितात. दवाखान्यात नेलं की ठणठणीत. टेबलावर उभी राहून डॉक्टरांचा हात चाटते.

"वय झालंय", "फटाक्यांची भीती बसली असेल", "सांधे दुखत असतील" अशी सगळी उत्तरं मिळाली. मग एके दिवशी जिन्यात मागचे पाय गेले आणि ती कोसळली. ईसीजीत मधूनमधून खालच्या कप्प्यातले जादा ठोके दिसले. इकोमध्ये डाव्या कप्प्याची भिंत जाड, झडपा मात्र वयाच्या मानाने बऱ्या. रक्तदाब एकदा १५०, दुसऱ्या दिवशी थेट २१०. नवीन डॉक्टर म्हणाले, हृदयाचं हृदयात शोधून भागणार नाही, पोट बघू. सोनोग्राफीत उजव्या ॲड्रिनलवर गाठ सापडली. "फिओक्रोमोसायटोमा असू शकतो," म्हणाले.

पोटातली एवढीशी गाठ हृदय बिघडवते म्हणजे नक्की काय करते? झालेलं नुकसान भरून येतं का? आणि या वयात ऑपरेशनच्या वाटेला जावं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. ज्यांनी घरच्या कुत्र्याच्या बाबतीत हे बघितलंय त्यांनी तर लिहाच.

रानवारा

बिट्टीला खूप शुभेच्छा. मला यातलं ओ की ठो कळत नाही, वाचायला बसलोय. रुमाल टाकून ठेवतो.

गोठ्यातला डॉक्टर

मी मुळात गाईम्हशींचा डॉक्टर. पण आता तालुक्याच्या गावातही लोक कुत्री घेऊन येतात, त्यामुळे हे वाचन करावंच लागतं. इथे वाचून औषध सुरू किंवा बंद करू नका, एवढं आधी सांगतो. बाकी सविस्तर लिहितो.

दोन्ही मूत्रपिंडांच्या आतल्या अंगाला एकेक अधिवृक्क, म्हणजेच ॲड्रिनल, ग्रंथी असते. कुत्र्यात ती शेंगदाण्याएवढी. बाहेरच्या थरात कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन तयार होतात, आतल्या गाभ्यात ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन. फिओक्रोमोसायटोमा ही त्या गाभ्याची गाठ. एरवी समोर साप दिसला तर मज्जातंतूंचा हुकूम येतो आणि गाभा ॲड्रेनलिन सोडतो. गाठीला हुकूम लागत नाही. ती मन मानेल तेव्हा सोडते, कधी थोडं, कधी भरपूर. म्हणून झटके येतात आणि जातात, म्हणूनच दवाखान्यात कुत्रं ठणठणीत दिसतं.

आता हृदयाचं. नॉरॲड्रेनलिनने अंगभरच्या बारीक धमन्या आवळल्या जातात. त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलायचं तर डाव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो. महिनोन् महिने असं चाललं की भिंत जाड होते. तुमच्या इकोत दिसलं ते बहुधा हेच. पण फक्त रक्तदाबाने एवढं होतं असं समजू नका. ही संप्रेरकं हृदयाच्या पेशीवर थेटही मारा करतात. पेशीत कॅल्शियम शिरतं आणि स्नायू आकुंचन पावतो, हे नेहमीचं काम. सततच्या माऱ्याने कॅल्शियम इतकं शिरतं की पेशीला ते बाहेर काढता येत नाही. तंतू आवळलेल्या अवस्थेतच अडकतो आणि पेशी मरते. त्यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्याही आवळलेल्या. म्हणजे काम दुप्पट आणि पुरवठा कमी. शिवाय ॲड्रेनलिनचं ऑक्सिडेशन होऊन जे पदार्थ बनतात तेही पेशीला विषारीच.

मेलेल्या पेशीच्या जागी नवीन स्नायू येत नाही, तंतुमय व्रण येतो. वीज त्या व्रणातून नीट जात नाही, वळसे घेते, आणि चुकार ठोके सुरू होतात. काही कुत्र्यांत उलटंही होतं: वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याला जाणारा विजेचा रस्ताच तुटतो आणि ठोके फार मंद पडतात. फिओक्रोमोसायटोमा असलेल्या कुत्र्यांत असा पूर्ण ब्लॉक नोंदलेला आहे. म्हणून "ठोके मंद आहेत, म्हणजे ॲड्रेनलिनचा प्रश्न नाही" असा हिशेब करता येत नाही.

एकच काम सांगतो. पुढचा झटका आला की मोबाईलवर चित्रण करा. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला नाडी लागते, ती पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. एवढी नोंद डॉक्टरांना दाखवलीत तर चार चाचण्यांचं काम होतं.

सूक्ष्मदर्शी

मी माणसांची पॅथॉलॉजिस्ट, पण या गाठीचं नाव निघालं की गप्प बसवत नाही.

वर डॉक्टरांनी "तंतू आवळलेल्या अवस्थेत अडकतो" लिहिलंय, ते आम्ही काचेवर बघतो. निरोगी हृदयाच्या स्नायूत बारीक आडव्या रेषा समान अंतरावर दिसतात, शाळेच्या वहीसारख्या सरळ. या रोगात काही तंतूंमधल्या त्या रेषा एकमेकींवर गोळा होऊन जाड, गडद गुलाबी पट्टे बनतात आणि दोन पट्ट्यांमधली जागा फिकी, दाणेदार राहते. आजूबाजूला थोडं रक्त सांडलेलं, कुठे दाहाच्या पेशी, कुठे जुना फिका व्रण. एकाच काचेवर कालची जखम आणि सहा महिन्यांपूर्वीची जखम शेजारी शेजारी दिसते. एका मोठ्या धमनीत गुठळी होऊन हृदयविकार झाला तर स्नायूचा एक सलग भाग मरतो. इथे तसं नसतं, इथे ठिपके असतात, विखुरलेले.

कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या गटाने २०१५ मध्ये फिओक्रोमोसायटोमा असलेल्या मोजक्या कुत्र्यांची हृदयं अशी तपासून लिहिलं होतं. चित्र माणसांसारखंच: पेशींचा नाश, आकुंचन-पट्टे, रक्तस्राव, तंतुमय व्रण. संख्या लहान आहे, पण मला तरी ते वाचून जराही आश्चर्य वाटलं नाही.

अवांतर: माणसातली ही गाठ फेलिक्स फ्रेंकेल यांनी १८८६ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला वर्णन केली. अठरा वर्षांची मुलगी होती, दोन्ही बाजूंना गाठी. त्या निबंधाच्या शीर्षकातच रक्ताभिसरणातल्या बदलांचा आणि डोळ्याच्या पडद्याच्या विकाराचा उल्लेख आहे. ॲड्रेनलिन हा पदार्थ वेगळा करायला अजून पंधराएक वर्षं होती, आणि हृदय बिघडलेलं मात्र शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसत होतं! त्याच वर्षी परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. याचा त्याचा काही संबंध नाही, मला असे योगायोग आवडतात इतकंच.

मनमोकळी

@गोठ्यातला डॉक्टर, @सूक्ष्मदर्शी, इतकं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्याचं काय म्हणालात? बिट्टी हल्ली संध्याकाळी सोफ्याच्या कडेला धडकते. मोतीबिंदू असेल असं वाटून सोडून दिलं होतं.

गोठ्यातला डॉक्टर

उद्याच दाखवा. रक्तदाब फार वाढला की डोळ्याच्या पडद्यामागे रक्त किंवा पाणी साठतं, पडदा सुटतो. लवकर रक्तदाब उतरवला तर काही नजर परत येते. उशीर झाला तर नाही. वरचा आकडा १४० च्या खाली असेल तर चिंता नाही, १६० पासून पुढे उच्च रक्तदाब, १८० आणि त्यावर म्हणजे डोळे, मूत्रपिंड, मेंदू, हृदय सगळ्यांनाच मोठा धोका. २१० ला मी झोपलो नसतो.

चिकित्सक

प्रश्न विचारतो, राग मानू नका. कुत्री टेबलावर घाबरते, म्हणून २१० आला नसेल कशावरून? माझ्या आईचा रक्तदाब डॉक्टरांचा कोट बघूनच वीसने वाढतो. आणि सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणून तीच गुन्हेगार कशी? म्हाताऱ्या शरीरात दहा ठिकाणी काही ना काही सापडतंच.

गोठ्यातला डॉक्टर

रास्त प्रश्न, रागाचं काही नाही.

रक्तदाब मोजायची शिस्त आहे. कुत्र्याला आधी खोलीत पाच-दहा मिनिटं बसू द्यायचं, मालक शेजारी, शक्यतो फरशीवर, टेबलावर नाही. पट्ट्याची रुंदी पायाच्या किंवा शेपटीच्या घेराच्या साधारण ४० टक्के. पट्टा लहान असेल तर आकडा खोटा मोठा येतो. पहिलं माप सोडून द्यायचं, मग पाच-सात घ्यायची आणि सरासरी काढायची. एवढं करून २१० आला तर तो भीतीचा म्हणणं अवघड आहे. आणि उलट बाजूही तितकीच खरी: या रोगात एकदा १५० आला म्हणून सुटलो असं नाही. गाठ त्या वेळी गप्प असेल.

गाठीचं म्हणाल तर बरोबर आहे. सोनोग्राफी गाठ दाखवते, ती काय सोडते ते सांगत नाही. बाहेरच्या थराची असेल तर कॉर्टिसोल, आतल्या गाभ्याची असेल तर ॲड्रेनलिन, किंवा काहीच न सोडणारी. कुशिंग, म्हणजे कॉर्टिसोल जास्त होण्याचा आजार, आजी-आजोबा कुत्र्यांत बराच दिसतो, पण त्यातली ८०-८५ टक्के प्रकरणं मेंदूतल्या पिट्युटरीमुळे. ॲड्रिनलची गाठ उरलेल्यांत. त्यामुळे कॉर्टिसोलची चाचणी करून घ्यायचीच, आणि सोबत लघवीतले मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिन. ॲड्रेनलिन स्वतः रक्तात टिकत नाही, त्याचे हे तुकडे टिकतात. नॉरमेटानेफ्रिन लघवीतल्या क्रिएटिनिनच्या प्रमाणात काढतात. ते कित्येक पटींनी वाढलेलं असेल तर प्रश्न मिटला, किंचित वाढलेलं असेल तर नाही, कारण घाबरल्यानेही थोडं वाढतं.

आणि म्हणून लघवी घरी धरा. दवाखान्यात ओढत नेऊन, सुई टोचून घेतलेली नको. सकाळी फिरायला नेताना वरणाची पळी खाली सरकवायची, कुत्र्यांना कळतही नाही. प्रयोगशाळा आम्ल घातलेली बाटली देते, उन्हात ठेवायची नाही. रिपोर्टवर माणसांच्या मर्यादा छापलेल्या असतील तर त्या कुत्र्याला लावू नका.

खोडसाळ बोका

वरणाची पळी!! आता आमच्याकडे जेवायला कुणी येणार नाही. :ड

मनमोकळी

वेगळी पळी आणली आहे हो. तिच्यावर सुतळी बांधून ठेवलीये, म्हणजे सासूबाई आमटीत घालणार नाहीत.

डोळे दाखवले. एका डोळ्यातला पडदा कडेने सुटलाय. रक्तदाब उतरवायला अम्लोडिपिन सुरू केलंय.

माहेरवाशीण

माझ्या काकांच्या पॉमेरेनियनला असंच व्हायचं, अर्जुनारिष्ट आणि अश्वगंधा दिल्याने बराच आराम पडला. नैसर्गिक आहे, अपाय नाही. बघा करून.

गोठ्यातला डॉक्टर

ताई, तुमचा हेतू चांगला आहे. पण अरिष्टात मद्यार्क असतो, तो कुत्र्याला चालत नाही. आणि गाठ जोवर ॲड्रेनलिन ओततेय तोवर वरून हृदयाला टॉनिक देऊन काय उपयोग. काकांच्या पॉमेरेनियनला बहुधा झडपेचा त्रास असेल, छोट्या जातींत तो अगदी सर्रास. छातीच्या डाव्या बाजूला घरघर ऐकू येते. बिट्टीच्या झडपा बऱ्या आहेत आणि भिंत जाड आहे, म्हणजे गोष्ट वेगळी.

औषधांचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाचं. ठोके वाढलेत म्हणून कुणी प्रोप्रानोलॉल किंवा ॲटेनोलॉल आधी सुरू केलं तर घात होऊ शकतो. ॲड्रेनलिनचा हुकूम पेशींवरच्या दोन प्रकारच्या कळांवाटे चालतो: अल्फा कळ धमन्या आवळते, बीटा कळ ठोके वाढवते आणि काही धमन्या सैलही ठेवते. ही औषधं बीटा बाजू बंद करतात. त्यामुळे स्नायूंतल्या धमन्या सैल ठेवणारा हातही बंद होतो, अल्फा बाजू मोकाट सुटते आणि रक्तदाब आणखी चढतो. आधी अल्फा रोखायची, म्हणजे फिनॉक्सिबेन्झामिन किंवा प्राझोसिन, आणि ती नीट रोखली गेल्यावर गरज असेल तरच बीटा. हा क्रम माणसांतही हाच.

म्हाताऱ्या कुत्र्या झोपेत लघवी गळतात म्हणून फिनाइलप्रोपानोलामिन देतात, तेही बिट्टीला नको. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड टाळा. सर्दीच्या माणसांच्या गोळ्या कुणी देत असेल तर त्याही. कुठेही भूल द्यायची वेळ आली, अगदी दात साफ करायला, तरी ही गाठ आहे हे आधी सांगायचं.

रॉकीजवासी

उशिरा लिहितोय, इकडे सकाळ झाली. मी फोर्ट कॉलिन्सला असतो (सूक्ष्मदर्शींनी ज्या विद्यापीठाचं नाव घेतलं ते याच गावात आहे). आमच्या मिश्र जातीच्या कुत्र्याची डाव्या ॲड्रिनलची गाठ काढली. त्याचं वर्णन वाचून बिट्टीचंच वाटेल: रात्रीच्या येरझाऱ्या, धापा, ठोके, आणि फिरायला गेल्यावर मधेच बसकण मारणं.

ऑपरेशनआधी काही आठवडे फिनॉक्सिबेन्झामिन दिलं. थोडं थोडं वाढवत, रक्तदाब मोजत. सर्जनने तेव्हा २००८ च्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. त्यात हे औषध आधी दिलेल्या कुत्र्यांपैकी १३ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी ४८ टक्के. नंतर मी स्वतः वाचलं तर २०२२ च्या एका अभ्यासात असा फरक दिसला नाही, आणि एकूणच जगून घरी जाणाऱ्यांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे होतं. भूल देणारे आता जास्त तयारीचे झालेत, हे त्याचं कारण असावं असं सर्जनचं मत. माझं मत विचाराल तर मी पुन्हा औषध देऊनच पाठवेन.

ऑपरेशन टेबलावरचा धोका दोन टोकांचा असतो हे मला आधी माहीत नव्हतं. गाठीला हात लागला की ॲड्रेनलिनचा लोट येतो, रक्तदाब आकाशाला भिडतो, ठोके चुकतात. आणि गाठीची शेवटची शीर बांधली की नळ बंद! त्या क्षणी रक्तदाब दाणकन कोसळतो. म्हणून धमनीतच नळी घालून क्षणाक्षणाचा दाब बघत होते. रात्रभर आयसीयू. तिसऱ्या दिवशी घरी आला आणि पहिलं काम म्हणजे शेजाऱ्यांच्या मांजरावर भुंकला.

हृदयाचं: इकोत भिंतीची जाडी काही महिन्यांनी कमी दिसली. जादा ठोके पूर्ण गेले नाहीत, विरळ झाले.

सूक्ष्मदर्शी

@रॉकीजवासी, तुमचा शेवटचा परिच्छेद फार मोलाचा आहे. मनमोकळींचा दुसरा प्रश्न हाच होता.

माणसांत गाठ काढल्यावर पार ढासळलेलं हृदय काही आठवड्यांत पूर्वपदावर आलेलं अनेकदा नोंदलंय. जपानमध्ये १९९० मध्ये ताकोत्सुबो नावाने जो हृदयविकार वर्णन झाला, मोठ्या मानसिक धक्क्यानंतर येणारा, तोही ॲड्रेनलिनशी जोडलेला आणि बहुतेकदा भरून येणारा. पेशी बधिर झालेली असते, मेलेली नसते, तोवर ती परत येते. दाबामुळे जाड झालेली भिंतही दाब उतरला की पातळ होते. व्रण मात्र व्रणच राहतो. त्यातून वीज वळसे घेत राहणार, म्हणून विरळ का होईना, जादा ठोके उरतात. कुत्र्यांत असे दाखले एकेकट्या प्रकरणांतून येतात, पण तुमच्या कुत्र्याचं चित्र त्यात चपखल बसतं.

रक्तातलं ट्रोपोनिन बघितलं होतं का? हृदयाची पेशी मरते तेव्हा ते बाहेर पडतं. एका मापाला फार अर्थ नसतो, औषध सुरू केल्यावर ते उतरतंय का हे बघण्यात अर्थ आहे.

चिकित्सक

माहिती उत्तम. पण कुणीतरी विचारायला हवं म्हणून विचारतो. बारा वर्षांची गावठी कुत्री. सीटी स्कॅन, ऑपरेशन, आयसीयू. हे सगळं तिच्यासाठी की आपल्यासाठी? आमचा रॉकी गेला तेव्हा शेवटचे दोन महिने फक्त सलाईन आणि पिंजरा. तेच केलं नसतं तर बरं झालं असतं असं आजही वाटतं.

नीलमोहर

+१. दर वेळी "सगळं करा" म्हणणाऱ्यांचा जोर असतो. न करणाऱ्यालाही कुत्र्यावर तितकंच प्रेम असतं.

खोडसाळ बोका

बोका असूनही यावेळी चिकित्सकांशी असहमत. गावठी असल्याचा काय संबंध? गोल्डन रिट्रीव्हर असती तर चाललं असतं का?

चिकित्सक

गावठीचा संबंध नाही, शब्द मागे घेतो. वयाचा प्रश्न कायम ठेवतो.

गोठ्यातला डॉक्टर

वयापेक्षा मला तीन गोष्टी जास्त बघाव्याशा वाटतात: गाठ उजवीकडे आहे तर शेजारच्या मोठ्या शिरेत किती शिरलीये, फुप्फुसात किंवा यकृतात काही पसरलंय का, आणि अल्फा रोखल्यावर हृदय किती सावरतं. उजवी ग्रंथी त्या महाशिरेला अगदी खेटून असते, गाठ वाढली की सरळ तिच्या पोकळीत घुसते. हे सोनोग्राफीत अर्धवट कळतं, सीटीत नीट कळतं. मुंबईत परळ आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालंय, तिथेही सीटी आहे. पुण्याहून जाणं जमण्यासारखं आहे.

ऑपरेशन नको असं ठरलं तरी हात बांधलेले नाहीत. प्राझोसिन किंवा फिनॉक्सिबेन्झामिनवर काही कुत्री बरेच महिने चांगली राहतात. झटके कमी होतात, हृदयावरचा मारा कमी होतो. गाठ वाढत राहते हे मान्य करून चालायचं. टोसेरॅनिब नावाचं कर्करोगाचं औषध अशा गाठींवर वापरलं गेलंय, ते सगळीकडे सहज मिळत नाही.

पिंजरा-सलाईनचं चिकित्सकांचं दुःख मला कळतं. पण तो निर्णय सीटीनंतर घ्यायचा. आत्ता घेतला तर तो अंधारात घेतलेला.

मनमोकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. चिकित्सक, तुमचाही. घरात हाच वाद रोज चालू आहे, नवरा तुमच्या बाजूचा.

अपडेट: नॉरमेटानेफ्रिन भरपूर वाढलेलं आलं, शंकेला जागा नाही. कॉर्टिसोलची चाचणी ठीक. प्राझोसिन सुरू करून काही आठवडे झाले. सुरुवातीला एकदा उठताना झोकांडी गेली, डोस उतरवून परत हळूहळू वाढवला. आता रक्तदाब १४५-१५५ मध्ये राहतो. रात्रीचा झटका अधूनमधून येतो, पण पूर्वीसारखा पांढुरका चेहरा नाही. छातीला चोवीस तासांचं यंत्र बांधलं होतं, त्यात जादा ठोके आहेत पण लागोपाठच्या रांगा नाहीत. यंत्र सांभाळायला आमच्या लेकाचा जुना टीशर्ट घातला होता तिला, त्यातच ती गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकत होती.

सीटी झाला. शिरेला चिकटलीये, आत थोडंसं टोक गेलंय, पण पुढे सरकलेलं नाही. बाकी कुठे काही नाही. सर्जन म्हणतात, काढता येईल, अवघड आहे. आम्ही हो म्हटलंय. नवऱ्याने अट घातलीये, पोट उघडल्यावर फार पसरलेलं दिसलं तर तिला उठवायचं नाही. मला ती मान्य आहे.

तोवर घरी काय सांभाळू? आणि सर्जनना काय विचारू?

रॉकीजवासी

भूलतज्ज्ञ कोण आणि त्यांनी ही गाठ आधी हाताळलीये का, हे पहिलं विचारा. सर्जनइतकंच ते महत्त्वाचं. धमनीतून दाब मोजायची सोय आहे का, दाब खाली आणायला आणि वर चढवायला दोन्ही औषधं भरून तयार असतील का, आणि रात्री कुत्र्याजवळ माणूस असेल का. इकडे हे गृहीत असतं, तिकडे प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही.

गोठ्यातला डॉक्टर

घरी: जिना बंद, उचलून न्या, पण पोटावर दाब देऊन उचलू नका, छाती आणि मागचे पाय धरून उचला. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा. झोपेतले श्वास रोज मोजा, मिनिटाला तीसच्या वर सातत्याने गेले तर फोन करा, फुप्फुसात पाणी साठत असेल. प्राझोसिनची वेळ चुकवू नका आणि विसरलात तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. दिवाळी जवळ आलीये, आवाजाने गाठ होत नाही, पण ज्या हृदयावर आधीच मारा चालू आहे त्याला फटाक्यांची भर नको. आतल्या खोलीत पंखा लावून, पडदे ओढून ठेवा. झोपेचं औषध मनाने देऊ नका.

आणि रक्त. शिरेतलं टोक काढायचं म्हणजे रक्तस्राव गृहीत धरायचा. दाता कुत्रा आधीच शोधून, दोघांचं रक्त जुळवून ठेवा. ऐन वेळी धावाधाव नको. दाता २५ किलोच्या वर हवा, तरुण, लसीकरण पूर्ण, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिया आणि बबेसियाची तपासणी केलेला. आपल्याकडे हे शेवटचं फार जणं विसरतात.

रानवारा

मी नुसता रुमाल टाकून बसलो होतो, आता कामाला येतो. आमचा मोगली, लॅब, ३४ किलो, चार वर्षांचा, लसी वेळच्या वेळी. पुण्यातच आहोत, सिंहगड रोडला. गोचिडांची तपासणी उद्या करून घेतो. मनमोकळी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर पाठवा.

चिकित्सक

आमच्या सोसायटीतल्या जर्मन शेफर्डच्या मालकांना विचारलं. एक दाता पुरेल न पुरेल, ते पण तयार आहेत. गाडीची गरज पडली तर मी आणून सोडेन.

मनमोकळी

दोघांनाही उत्तर पाठवलंय. रक्त जुळवायला शनिवारी सकाळी बोलावलंय, मोगलीला उपाशीपोटी आणायला सांगितलंय. तो उपाशी राहील का?

रानवारा

तो? चपला खाईल. पण आणतो.